हुंकाराची जागा

'नितळ' बाजारात आला तेव्हा लोकांनी त्याचे स्वागत नव्या जावयासारखे केले, आणि नव्या जावयासारखीच त्याची उणीदुणीही लगोलग काढायला घेतली. वर्षभर जाहिरातींनी कान किटवले होते. हा फोन भिंतीवर चित्र पाडणार होता, घडी पडून खिशात मावणार होता, उन्हात ठेवला की आपोआप चार्ज होणार होता. प्रत्यक्ष खोके उघडल्यावर भिंतीवर चित्र पाडणारा दिवा नव्हता. घडी पडत नव्हती. उन्हात ठेवल्यावर फोन तापत होता एवढेच.

या सगळ्या रुसव्यांचा ओघ पुण्यातल्या एका काचेच्या इमारतीत येऊन पोहोचे. तिथल्या विभागाला 'तक्रार विभाग' म्हणायची कंपनीत बंदी होती. त्याचे नाव 'अपेक्षा विभाग'. सुयोग गोंजारी तिथे बसे आणि आलेली प्रत्येक अपेक्षा योग्य त्या कप्प्यात टाके. बिघाड असला तर एक कप्पा, कबूल करून न दिलेली सोय असली तर दुसरा, आणि ज्यांचे काहीच करता येत नाही त्यांच्यासाठी शेवटचा, 'वैयक्तिक'. फोन घेतल्यापासून मुलगी तुटक बोलते, मेहुणा कशावरून तरी रागावलेला वाटतो, असे काही आले की सुयोग ते शेवटच्या कप्प्यात टाकून एक सभ्य उत्तर पाठवी. आपल्या भावना आम्ही समजू शकतो, मात्र त्यांचा उत्पादनाशी संबंध नाही.

हे काम त्याच्या स्वभावाला मानवले होते. बोलावे लागत नसे.

"सुयोग, तू माणूस आहेस की म्यूट केलेला ग्रुप?" शेजारच्या टेबलावरची रेश्मा तांबोळी विचारी. "तीन दिवस झाले, तुझ्या तोंडून एक अख्खं वाक्य नाही ऐकलं मी."

तो हसून मान डोलवी. वाक्य तयार होईपर्यंत रेश्मा चहाला निघून गेलेली असे.

एका गोष्टीबद्दल मात्र 'नितळ'ला कुणी बोल लावला नव्हता, ती म्हणजे आवाज. या फोनवर बोलणारा माणूस समोर बसल्यासारखा वाटे. त्यामागची युक्ती सुयोगला ठाऊक होती. जुने फोन कानावर पडेल ते सगळे उचलून पलीकडे पाठवीत. वारा, पंखा, रस्त्यावरचे भोंगे या गर्दीतून माणसाचा आवाज कसाबसा वाट काढी. 'नितळ' आवाज पाठवतच नसे. तो शब्द ओळखी, शब्दांचा चढउतार मोजी आणि एवढाच मजकूर चार-दोन आकड्यांच्या पुरचुंडीत बांधून धाडी. पलीकडच्या फोनमध्ये बोलणाऱ्याच्या आवाजाचा साचा आधीच साठवलेला असे. तो त्या पुरचुंडीतून आवाज नव्याने घडवी. डोंगराआड, तळघरात, जिथे नेटवर्कचा जेमतेम धागा पोहोचतो तिथेही माणूस स्वच्छ ऐकू येई. ज्याला शब्दाचा आकार नाही ते सगळे वाटेत एका चाळणीवर अडकून राही. खोकला, उसासा, कढईचा चर्र आवाज. शब्द नसलेले काहीच पलीकडे जात नसे.

कर्मचाऱ्यांना सवलतीत मिळणारा एक फोन सुयोगने स्वतःसाठी घेतला आणि दुसरा आप्पांसाठी म्हसवडला पाठवला.

आप्पा म्हणजे त्याचे वडील, हणमंत गोंजारी. उभा जन्म वीज मंडळात वायरमन म्हणून खांबांवर गेला, आणि निवृत्त झाल्यावरही गावात कुणाकडे दिवा मिचकावला की लोक आधी त्यांनाच हाक मारीत. दोन वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर दिवेलागणीला आप्पांचा फोन येऊ लागला. बापलेकांनी याबद्दल काही ठरवले नव्हते. आप्पा बोलत आणि सुयोग ऐके. ट्रान्सफॉर्मरमध्ये संसार थाटलेले घुबड, उंचीला घाबरणारा आणि तरीही खांबावर चढून फोटो काढवून घेणारा साहेब, वादळात देवापूरच्या माळावर तुटलेली तार. गोष्टी त्याच त्या असत. सुयोग अंधारत्या खिडकीशी उभा राहून "हं" म्हणे. एवढेच त्याचे बोलणे, आणि ते पुरे होत असे.

आप्पांचेही तसेच होते. सांगायला लागले की ते बोलत, पण त्यांना काही विचारले की उत्तर एका हुंकारात येई. तुटक असला तर शंका, लागोपाठ दोन असले तर पुरे झाले, आणि सावकाश, छातीतून वर येणारा एकच असला तर होकार. सुयोगच्या आयुष्यातल्या सगळ्या परवानग्या त्या लांब हुंकाराने मिळाल्या होत्या. पुण्याला शिकायला जाऊ का, असे त्याने विचारले तेव्हाही आप्पा पकडीला तेल देत होते. मान वर न करता त्यांनी तो हुंकार दिला होता आणि विषय संपला होता.

नवा फोन पोहोचला त्या संध्याकाळी आप्पा म्हणाले, "आरं, तू तर हितंच बसल्यागत वाटतोयस." सुयोगला इतका आनंद झाला की तो नुसताच "हं" म्हणाला.

त्यानंतरच्या दिवसांत गोष्टी आखडू लागल्या. घुबडाची गोष्ट अर्ध्यावर थांबली. "ऱ्हाऊ दे, तुला काम आसंल," असे म्हणून आप्पांनी फोन ठेवला. देवापूरची तार तर तुटलीच नाही. जेवलास का, पाऊसपाणी, ठेवतो. सुयोगला वाटले, आप्पा थकले आहेत. मग वाटले, आपलेच काही चुकले असावे. काय चुकले हे विचारण्याइतके धैर्य त्याच्यापाशी नव्हते. ते नाही म्हणून स्वतःवर रागावण्याची सवय मात्र जुनी होती.

एकटेपणाने माणूस कधीकधी धाडसी होतो. सुयोगने धायरीला तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा भाड्याने घेतली. पुढे हातभर अंगण होते, आणि शेजारी एक निवृत्त कंडक्टर दुपारभर पत्ते पिसत बसत. दुसऱ्या खोलीत त्याने पलंग आणून टाकला. मग वाक्य जुळवण्यात पुष्कळ दिवस घालवले, आणि एका संध्याकाळी ते म्हणून टाकले.

"आप्पा, इथं एक खोली जास्तीची आहे. अंगणही आहे थोडं. तुम्ही… म्हणजे, इथंच राहायला आलात तर? मी येतो न्यायला."

पलीकडे शांतता पसरली. जुन्या फोनवरच्या शांततेत पुष्कळ काही असे. पंख्याची करकर, दूरची मोटारसायकल, माणसाचा श्वास. ही शांतता घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखी होती. सुयोग त्या शांततेत आपल्या कानातल्या रक्ताचा आवाज ऐकत उभा राहिला.

"बरं, ठेवतो मग," शेवटी आप्पा म्हणाले. "जेवून घे."

नकार द्यायला त्यांना संकोच वाटला असणार, असे सुयोगने ठरवले. त्याने पलंगावर चादर पसरली आणि त्या खोलीचे दार ओढून घेतले. तो विषय त्याने पुन्हा काढला नाही.

वसंत ऋतूच्या अखेरीस चिपळूणच्या शकुंतला खेडेकर नावाच्या बाईंची अपेक्षा त्याच्या पडद्यावर आली. त्यांनी ती बोलून पाठवली होती. 'माझा नातू बंगळुरास असतो. रोज झोपताना मी त्याला फोनवर गोष्ट सांगते. हा फोन आल्यापासून तो हुं म्हणत नाही. त्याची आई शपथेवर सांगते की तो म्हणतो. मला येत नाही ऐकू. हुंकार नसला तर गोष्ट पुढे नेता येत नाही हो, माझी जीभच थांबते. एवढा महागाचा फोन, त्यात हुंकाराची सोय का नाही?'

सुयोगचा हात सवयीने 'वैयक्तिक'कडे गेला आणि हवेत थांबला.

"रेश्मा," तो म्हणाला, "जरा मीटिंगच्या खोलीत जाशील? मला फोन कर. आणि काहीतरी सांग."

"काय सांगू?"

"काहीही. सांगत राहा."

रेश्माने मामेबहिणीच्या लग्नातल्या बिर्याणीची हकिगत सांगायला घेतली. सुयोग दर वाक्याला "हं" म्हणत राहिला. थोड्याच वेळात ती दार लोटून बाहेर आली. "सांग म्हणालास आणि ऐकत नाहीस! भिंतीशी बोलल्यासारखं वाटतंय."

"मी म्हणत होतो. हं, हं, असं. सारखं."

हुंकाराला शब्दाचा आकार नसतो. चाळणीने त्याला खोकल्याच्या आणि पंख्याच्या रांगेत बसवले होते. हजारो घरांतून, हजारो फोनवरून तो रोज अडवला जात होता, आणि त्याची तक्रार कुणाला करता येत नव्हती. दिवा नाही हे लोकांना कळत होते, कारण दिवा त्यांना जाहिरातीत दाखवला होता. हुंकार कबूल कुणी केला होता?

मग सुयोगला ती ताटासारखी शांतता आठवली. आप्पा तेव्हा गप्प होते, की त्यांनी तो सावकाश हुंकार दिला होता?

दुसरा कुणी असता तर त्याच दिवशी म्हसवडची गाडी पकडून निघाला असता. सुयोगने अहवाल लिहिला. फोनवर जे हरवले ते फोनवरच सापडावे, समोर उभे राहून विचारावे लागू नये, अशी एक भाबडी आशा त्यामागे होती. वरिष्ठांनी अहवाल वाचला आणि त्यांना तो कमालीचा आवडला. सुयोगला बोलावून हात मिळवण्यात आला. "ज्याची उणीव लोकांना सांगताही येत नाही, ती भरून काढणं म्हणजे खरा धंदा," असे साहेब म्हणाले. पावसाळा सरताना नवी सोय आली. तिचे नाव 'सोबत'. जाहिरातीत एक आजी गोष्ट सांगत होती आणि फोनमधून लहान मुलाचा हुंकार येत होता. आठवड्याभरात 'वैयक्तिक' कप्पा ओस पडला. शकुंतलाबाईंनी आशीर्वाद पाठवले.

त्या शनिवारी दिवेलागणीला सुयोगने स्वतः फोन लावला.

"जेवलास का?" आप्पांनी विचारले.

"अजून नाही. आप्पा, थोडं बोलायचंय."

क्षणभर काहीच आले नाही. मग आले: "हं."

तोच आवाज, छातीतून आलेला. सुयोग उंबऱ्यावर बसला. मग त्याच्या तोंडून जे बाहेर पडले ते त्याने जुळवलेले नव्हते. आई गेली त्या दुपारी आपण दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिलो, वर आलो नाही, कारण तुम्हांला रडताना बघायची भीती वाटली, हे त्याने सांगितले. हं, आप्पा म्हणाले. या शहरात आपले नाव घेऊन हाक मारणारे एक रेश्मा सोडली तर कुणी नाही, हे सांगितले. हं. आपल्याला त्या जुन्याच गोष्टी ऐकायच्या आहेत, घुबडाची सुद्धा, विशेषतः घुबडाची. हं, आणि या वेळी त्या हुंकारात हसू असावे असे त्याला वाटले. शेवटी त्याने विचारले, "मग येताय ना? उद्या येतो मी गाडी घेऊन."

"हं." सावकाश आणि लांब.

त्याने डोळे पुसले आणि फोन ठेवला. रेश्माच्या भावाची गाडी मागून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याचे सगळे ऐकून घेतले होते.

तो म्हसवडला पोहोचला तेव्हा सकाळचे ऊन अंगणात आले होते. ओट्यावर एक ट्रंक आणि दोरीने आवळलेली वळकटी होती. आप्पा पायरीवर बसून चपलेचा अंगठा शिवत होते. तयारी बघून सुयोगला भरून आले.

आप्पांनी मात्र दचकून वर पाहिले. "तू? आसा न सांगता?"

"काल म्हणालो ना, येतो म्हणून."

"कवा?"

"काल फोनवर. आप्पा, तुम्ही हो म्हणालात."

"म्या?" आप्पांनी सुई चपलेत खोचून ठेवली. "आरं, तुजा फोन आला आन् तेवढ्यात शेजारची सुंद्रीबाई वरडाय लागली, मीटर ठिणग्या मारतुया म्हणून. फोन तसाच फळीवर ठिवला आन् पळालो. यीस्तवर तुज्या बाजूनं बंद झाल्याला."

सुयोग अंगणाच्या कडेला गेला. त्याने रेश्माला फोन लावला.

"'सोबत' हुंकार ओळखते कशी?" त्याने विचारले.

"ओळखत नाही रे. ते फार किचकट निघालं, प्रत्येकाचा वेगळा. मग त्यांनी उलटं केलं. बोलणारा कुठे अडखळतो, कुठे थांबतो ते बघायचं, आणि त्या जागी समोरच्याच्या आवाजात एक टाकून द्यायचा. लांब, आखूड, जसा शोभेल तसा."

"समोर कुणी नसलं तरी?"

"नसलं तरी. माहितीपत्रकात आहे, खाली, बारीक अक्षरात. का रे? काय झालं?"

सुयोग काही बोलला नाही.

"हे बघ, आत्ता मला तुझा 'हं' ऐकू आला," रेश्मा म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "तू म्हणालास का?"

त्याने फोन बंद केला आणि खिशात ठेवला. काल संध्याकाळी उंबऱ्यावर बसून त्याने जे सगळे उलगडून ठेवले होते ते एका फळीने ऐकले होते. ते पुन्हा सांगता येणार नाही हे त्याला तिथेच, कुंपणाशी उभ्या उभ्या कळले.

तो परत येऊन आप्पांशेजारी पायरीवर बसला. हुंकार कसा अडतो, मग कसा घातला जातो, हे त्याने जमेल तसे समजावले. आप्पा वायरमन होते. त्यांना ते पटकन कळले.

"म्हंजी तू समदे दिस हं म्हणत हुतास?"

"सगळे दिवस."

आप्पांनी चप्पल बाजूला ठेवली. "मला काय वाटलं सांगू? आमच्यात एक रीत आसती. वर खांबावर एक, खाली एक. वरच्यानं हाक द्यायची, खालच्यानं ओ द्यायची. जोवर ओ येतीय तोवर तारंला हात लावायचा. ओ आली न्हाई की हात काढायचा आन् गुमान खाली उतरायचं. का आली न्हाई त्ये इचारत बसायचं न्हाई." ते थांबले. "तसा उतरलो म्या."

"आणि मी खोलीचं विचारलं तेव्हा?"

"म्हटलं की हं. मोठ्यानं म्हटलं." आप्पांच्या आवाजात प्रथमच धार आली. "दुसऱ्या दिशी दाढीच्या दुकानात समद्यास्नी सांगून टाकलं, पोरगं न्यायला येतंय. गॅस परत केला. महिनाभर ट्रंक भरून बसलो. मग लोकं इचाराय लागली, अजून हितंच व्हय हणमंतराव? त्या दुकानात जायाचं सोडलं म्या. दाढी घरीच करतो."

"मला वाटलं, तुम्हांला यायचं नाही."

"आन् मला वाटलं, तुजं मन फिरलं. येकानं तरी इचाराय पायजे हुतं." ते उठले. "समदं काय फोननं केल्यालं न्हाई, पोरा."

"मग आता चला. आप्पा, मी विचारतोय. तोंडानं विचारतोय. चला माझ्याकडं."

आप्पांनी ट्रंकेवर हात ठेवला. ही तयारी कुठली, ते सुयोगला तेव्हा कळले.

"वैशूला शब्द दिलाय," आप्पा म्हणाले. वैशाली म्हणजे सुयोगची मोठी बहीण, इचलकरंजीला दिलेली. "दाजी फिरतीवर आसतो, पोरं बारकी. आज दुपारच्या गाडीनं निघायचं हुतं. तिनं खोली आवरून ठिवलीया. तिला आता न्हाई कसं म्हणू?"

त्या खोलीवर पसरलेल्या चादरीबद्दल सुयोगला सांगायचे होते. त्याने ट्रंक उचलली. "मग मी सोडतो तुम्हांला. गाडी आहेच."

दिघंची मागे पडली. आटपाडीच्या पुढे माळावर खांबांची रांग लागली, आणि आप्पांनी काचेबाहेर बघत सांगायला सुरुवात केली. सुयोग ती गोष्ट प्रथमच ऐकत होता. लग्नानंतर पहिल्याच वर्षी आई डबा घेऊन खांबाखाली आली होती, आणि वर कोण आहे हे ऊन डोळ्यांवर आल्यामुळे न दिसल्याने भलत्याच माणसाला 'अहो, जेवायला उतरा' म्हणाली होती. तो माणूस उतरून खरेच जेवायला बसला. सुयोग हसला, "हं, मग?" म्हणाला, आणि आप्पांनी वळून त्याच्याकडे पाहिले. मग गोष्ट पुढे गेली. विटा गेले. सांगलीत उसाच्या रसासाठी थांबले तेव्हाही ती चालूच होती. सुयोग गाडी सावकाश हाकत होता. मागून येणारे ट्रक भोंगे वाजवीत पुढे जात होते. जयसिंगपूर ओलांडल्यावर रस्ता सरळ झाला आणि उन्हे तिरपी आली.

इचलकरंजीचा फाटा आला. पाटी मोठी होती, बाणही स्पष्ट होता. सुयोगने ती पाटी जवळ येताना पाहिली, शेजारून जाताना पाहिली, आणि आरशात लहान होताना पाहिली.

आप्पांनी या भागातल्या वाटा उभ्या जन्मात कधी चुकवल्या नव्हत्या.

"फाटा मागं ऱ्हायला," ते म्हणाले.

"हो."

"वैशू वाट बघत आसंल."

"हो, आप्पा."

"गाडी वळवाय जागा हाय का म्होरं?"

"बघतो."

"बघ. सावकाश बघ," आप्पा म्हणाले. त्यांनी आसन थोडे मागे रेलले, पाय लांब केले, आणि घसा खाकरून दुसरी गोष्ट सांगायला घेतली.